तोच शब्द पुन्हा पुन्हा येतोय? लाडके शब्द शोधून काढण्याची रीत

आधी लक्षणं. लिहून झालेला मजकूर वाचताना यातल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या, तर दोष लाडक्या शब्दांचा आहे असं धरून चालावं.

• ‘खरं तर’, ‘अर्थात’, ‘मात्र’, ‘जणू’ यांपैकी कुठलाही शब्द एकाच पानावर तिसऱ्यांदा भेटतो.
• ओळीमागून ओळ ‘होता’, ‘होती’, ‘होतं’वर संपते.
• सगळी पात्रं सुस्कारे टाकतात, मान डोलावतात, आवंढा गिळतात. नावं झाकली तर कोण कोणतं ते ओळखू येत नाही.
• ‘काहूर’, ‘अलवार’, ‘कातरवेळ’ यांसारखा ठळक शब्द दुसऱ्यांदा आला की वाचणाऱ्याला पहिली जागा आठवते.
• ज्याला वाचायला दिलं तो म्हणतो, “चांगलं आहे, पण एकसुरी वाटतं”, आणि कुठे ते त्याला सांगता येत नाही.

शेवटचं लक्षण सगळ्यांत भरवशाचं. वाचकाला शब्द टोचलेला नसतो, कंटाळा जाणवलेला असतो. लेखकाला तेवढंही जाणवत नाही. नुकताच लिहिलेला शब्द डोक्यात वरच्या वर तरंगत असतो, म्हणून पुढच्या वाक्यात तो पहिल्यांदा हाताला लागतो. परत वाचताना डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि शब्दावरून घसरत जातो. छोट्या शब्दांच्या बाबतीत तर ही सवय फार खोल असते. १९६४ साली मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या राज्यघटनेची बाजू मांडणाऱ्या, टोपणनावाने छापलेल्या फेडरलिस्ट लेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, असा वाद होता. त्यांनी विषय सोडून दिला आणि बारीकसारीक शब्द मोजले. ‘अपॉन’ (‘वर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द) हॅमिल्टन हजार शब्दांत तीनेक वेळा वापरत असे, मॅडिसन जवळपास कधीच नाही. अशा शब्दांच्या मोजणीवरून ते लेख मॅडिसनकडे गेले. असे शब्द माणूस सहसा ठरवून वापरत किंवा टाळत नाही.

म्हणून नुसतं ‘लक्ष देऊन वाचा’ हा सल्ला इथे कामाचा नाही. खालच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या काही फुकट आणि पटकन होणाऱ्या आहेत, पुढच्यांना वेळ लागतो.

शोध चालतो का, ते आधी बघा

पाच मिनिटांचं काम आहे, पण हे चुकलं तर पुढचे सगळे आकडे खोटे येतात. मजकूर युनिकोडमध्ये नसेल, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर पडद्यावर मराठी दिसतं आणि आत भलतीच अक्षरं असतात. शोध रिकामा परततो आणि लेखकाला वाटतं, शब्द एकदाही आलेला नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

युनिकोडमध्येही दोन खाचखळगे आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ‘ऱ्य’ दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो आणि दोन्ही दिसायला सारखे असतात. ‘ॲ’चंही तसंच. दोन जणांनी मिळून लिहिलेला किंवा फोन आणि संगणक दोन्हींवर लिहिलेला मजकूर असेल, तर ही सरमिसळ असू शकते. उपाय सोपा आहे. शब्द हाताने टाइप करून शोधा, मग मजकुरातून उचलून चिकटवून शोधा. आकडे वेगळे आले तर दोन्हींची बेरीज करा.

शोधाच्या खिडकीत ‘फक्त पूर्ण शब्द’ हा पर्याय बंद ठेवा. मराठी शब्द विभक्ती लागताना बदलतो. ‘शांतता’ शोधलं तर ‘शांततेत’, ‘शांततेने’ निसटतात, म्हणून ‘शांतत’ शोधायचं. ‘डोळा’ऐवजी ‘डोळ’ शोधलं की ‘डोळे’, ‘डोळ्यांत’ दोन्ही हाती लागतात. काही प्रोग्राम अशा मध्येच तोडलेल्या अक्षरावर अडतात. ‘डोळे’ असलेली ओळ समोर ठेवून एकदा ‘डोळ’ शोधून पाहा. सापडलं नाही तर एकेक रूप वेगळं शोधावं लागेल. जोडून-तोडून लिहिण्याची रूपंही विसरू नका: ‘खरं तर’, ‘खरंतर’, ‘खरे तर’, ‘खरेतर’.

ओळखीचे संशयित मोजा

आता कंट्रोल-एफ दाबून पुढचे शब्द एकेक करून मोजा आणि कागदावर आकडा लिहा.

बोलण्यातून आलेले: खरं तर, म्हणजे, अर्थात, नक्कीच, कुठेतरी, एक प्रकारचा.
जोर देणारे: खूप, अतिशय, अत्यंत, प्रचंड, अगदी, फार.
कथेत घुसणारे: अचानक, तेवढ्यात, क्षणभर, नकळत, अलगद, जणू.
लेखांत घुसणारे: किंबहुना, त्याचप्रमाणे, विविध, असे म्हणता येईल, च्या माध्यमातून, च्या दृष्टीने, करण्यात आले.

नुसत्या आकड्याला अर्थ नाही, दर हजार शब्दांमागे किती ते काढा. पहिल्या दोन ओळींतला कुठलाही शब्द हजारात दोनपेक्षा जास्त वेळा आला तर खूण करा. ‘अचानक’ आणि त्याच्या भावंडांना हजारात एकही पुष्कळ झाला. ‘काहूर’सारखे ठळक शब्द अख्ख्या कथेत एकदा. हे नियम नव्हेत, संपादनाच्या सवयीतून बसलेले अंदाज आहेत. पण ते हाताशी असले की ‘मला तर इतके वाटत नाहीत’ हा लेखकाचा बचाव टिकत नाही.

अंतरही बघा. हजारात दोनदा आलेला शब्द पाच ओळींच्या अंतरात असेल तर तो खटकतो, आणि चार पानं दूर असेल तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. शोधलेल्या शब्दाला पिवळा रंग द्या आणि पानं लहान करून एकत्र पाहा. पिवळे ठिपके कुठे दाटले आहेत ते लगेच कळतं. बहुतेकदा ते सुरुवातीच्या परिच्छेदांत आणि विषय बदलतो त्या जागी सापडतात. तिथे लेखक पुढे काय म्हणायचं ते ठरवत होता.

‘सर्व बदला’ या बटणाला हात लावू नका. ‘फार’ सगळीकडून पुसायला गेलात तर ‘शिफारस’चं ‘शिस’ होईल.

पुसून बघा

खूण केलेला शब्द झाका आणि वाक्य मोठ्याने वाचा. अर्थ तसाच राहिला तर शब्द जाऊ द्या. ‘खरं तर मला तिथे जायचं नव्हतं’ आणि ‘मला तिथे जायचं नव्हतं’ यांत फरक कधी पडतो? आधीच्या वाक्यात कुणीतरी उलट समजून बसलं असेल तेव्हा. तसं नसेल तर ‘खरं तर’ नुसता घसा खाकरतो. ‘नक्कीच’चीही हीच परीक्षा: शंका कुणी घेतली होती? ‘अचानक दार वाजलं’मधला ‘अचानक’ बिनकामाचा, कारण दार सांगून वाजत नसतं.

जोर देणाऱ्या शब्दांना दुसरी कसोटी लावा. ‘प्रचंड आनंद’, ‘प्रचंड गर्दी’, ‘प्रचंड भूक’ हे तीन वेगळे अनुभव एका मापाने मोजले गेले आहेत. गर्दी किती, ते दाखवता येतं का? ‘पाय ठेवायला जागा नव्हती’ हे तुमचं नसेल, घासलेलं असेल, तरी त्यात चित्र आहे. चित्र सापडत नसेल तर ‘गर्दी होती’ एवढं पुरतं.

इथे सगळ्यांत जास्त होणारी चूक सांगायला हवी. लेखक शब्दकोश उघडतो आणि ‘अतिशय’च्या जागी ‘अत्यंत’, मग ‘कमालीचा’, मग ‘विलक्षण’ घालतो. मोजणी सुधारते, मजकूर बिघडतो. कारण दोष शब्दात नव्हता, त्या जागेत होता. तिथे विचार अर्धवट सोडला गेला आणि ती फट शब्दाने बुजवली. समानार्थी शब्द आणून तीच फट दुसऱ्या मातीने बुजते. म्हणून आधी विचारा: हा शब्द इथे कोणतं काम करतोय? काम नसेल तर पुसा. काम असेल आणि ते कुणी दुसरं करू शकत असेल तर वाक्य फिरवा. यातलं काहीच जमलं नाही तरच कोश उघडा.

‘च’ आणि ‘ही’

‘च’ शोधणं किचकट आहे. ‘च’ आणि त्यापुढे मोकळी जागा असं शोधलं तर ‘पाच’, ‘उंच’, ‘लगेच’ही येतात, ते सोडून द्या. पूर्णविराम आणि स्वल्पविरामाआधीचा ‘च’ वेगळा शोधावा लागतो. ‘त्याचसाठी’, ‘याचमुळे’ यांत तो शब्दाच्या पोटात असतो, तिथे शोध पोचत नाही. ‘ही’ शोधायला गेलात तर ‘नाही’ आणि ‘काही’च्या ढिगाऱ्यात अडकाल. तिथे छापील प्रतीवर पेन्सिल घेऊन बसणं लवकर होतं.

हा नमुना बघा:

‘त्या दिवशीच तिला खरंच कळलं की आपणच आपल्याच हातांनी सगळंच घालवलं आहे.’

पाच ‘च’. जोर प्रत्येक शब्दावर आहे, म्हणजे कुठेही नाही. प्रत्येकापाशी थांबून विचारा: ‘दुसरं कुणी नव्हे, दुसरं काही नव्हे’ असं इथे म्हणायचंय का? ‘दिवशीच’: आदल्या दिवशी कळलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. ‘आपणच’: हो, दोष दुसऱ्याचा नाही, वाक्याचा जीव इथे आहे. एकदा ‘आपणच’ म्हटलं की ‘आपल्याच हातांनी’ ही पुनरुक्ती होते. उरतं ते: ‘त्या दिवशी तिला कळलं, आपणच सगळं घालवलं.’ ‘की’ही गेला आणि ‘आहे’ही. एका ‘च’चा जोर मोकळा झाल्यावर बाकीचं वाक्य आपोआप आवरतं.

परक्या वाक्याच्या खुणा

काही शब्द लाडके नसतात, इंग्रजी वाचनातून चोरपावलाने आलेले असतात. ‘एक’ हा त्यांचा म्होरक्या. ‘तो एक चांगला शिक्षक होता’ यातला ‘एक’ मोजत काहीच नाही. ‘तो चांगला शिक्षक होता’ म्हणा. ‘एक होता राजा’ म्हणताना तो लागतो, कारण तिथे अनोळखी माणूस गोष्टीत आणायचा असतो. त्यानंतर ‘आपला’ आणि ‘त्याचा’: ‘त्याने आपला हात आपल्या खिशात घातला’. दुसऱ्याचा हात घालणार नव्हता, तेव्हा ‘त्याने खिशात हात घातला’.

‘च्या माध्यमातून’च्या जागी बहुतेकदा नुसता प्रत्यय बसतो. ‘कवितेच्या माध्यमातून’ म्हणजे ‘कवितेतून’. ‘च्या संदर्भात’ म्हणजे ‘बद्दल’. ‘निर्णय घेण्यात आला’ दिसलं की विचारा, कुणी घेतला? नाव माहीत असेल तर ‘समितीने निर्णय घेतला’. नाव लपवायचं असेल किंवा खरोखर माहीत नसेल तेव्हाच कर्मणी रचना राहू द्या.

‘लागणे’कडेही बघा. ‘तो चालू लागला’ म्हणजे थांबलेला माणूस निघाला. तो आधीपासून चालत असेल तर ‘तो चालत होता’. कथेत सगळेच बोलू लागतात, हसू लागतात, रडू लागतात, आणि पुरं कुणी करत नाही.

‘होता’ची रांग

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून पुनरावृत्ती नेमकी वाक्याच्या टोकाला, कानाला सर्वांत आधी ऐकू येईल अशा जागी बसते. शोधापेक्षा कान इथे उपयोगी. मोठ्याने वाचा. थकत असाल तर फोनला वाचायला लावा. यंत्र भाव घालत नाही, त्यामुळे तुमच्या आवाजाने झाकलेली रांग उघडी पडते. सलग तीन वाक्यं एकाच क्रियापदावर संपली की समासात रेघ ओढा.

‘घर जुनं होतं. अंगणात विहीर होती. विहिरीवर रहाट होता. रहाटाची करकर पहाटेपासून ऐकू येत होती. आजी ओसरीवर बसलेली होती.’

मराठीकडे यावर तीन साधनं आहेत. पहिलं, क्रियापद गाळता येतं. वर्णनात ‘होतं’ नसलं तरी वाक्य पुरं वाटतं. दुसरं, दोन वाक्यं जोडता येतात. तिसरं, रीती भूतकाळ: ‘येई’, ‘बसे’, ‘जाई’.

‘घर जुनं. अंगणात विहीर, विहिरीवर रहाट. पहाटेपासून त्याची करकर ऐकू येई. आजी ओसरीवर बसलेली होती.’

शेवटचं ‘होती’ मुद्दाम ठेवलं आहे. आधीची चार गेल्यामुळे आता ते ऐकू येतं, आणि आजीपाशी नजर थांबते. सगळीच काढली असती तर नाटकातली रंगसूचना झाली असती. ‘येई’, ‘जाई’ जपून वापरा: ते नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी आहेत. ‘त्या मंगळवारी तो येई’ हे व्याकरणातच चुकतं. पानभर ‘येई-जाई’ झाली तर मजकूर पोथीसारखा वाटायला लागतो, म्हणजे नवा लाडका तयार.

हावभाव

इथे शब्द वेगळे आणि क्रिया तीच, म्हणून नेहमीचा शोध फसतो. ‘डोळे पाणावले’, ‘डोळ्यांच्या कडा ओलावल्या’, ‘डोळे भरून आले’ या तीन ओळी म्हणजे एकच अश्रू. अवयव शोधा: डोळ, ओठ, मान, खांद, श्वास, हात. प्रत्येक जागी पात्राचं नाव समासात लिहा. एकच हावभाव तीन पात्रांच्या नावापुढे आला तर तो पात्रांचा नाही, लेखकाचा आहे. एका पात्राकडे ठेवा, बाकीच्यांचा काढा. बदली हावभाव शोधत बसू नका. संवाद नीट असेल तर बहुतेक ठिकाणी त्याची गरज नसते.

पूर्ण शब्दगणना

इतकं करूनही एकसुरीपणा उरला तर तुमचा लाडका शब्द वरच्या कुठल्याही यादीत नाही. मग सगळे शब्द मोजावे लागतात. फाइलची प्रत करा. विरामचिन्हं काढा, प्रत्येक मोकळ्या जागेच्या ठिकाणी नवी ओळ घाला, आलेला उभा रकाना स्प्रेडशीटमध्ये चिकटवा आणि पिव्हट टेबलने (सारख्या नोंदी एकत्र करून मोजण्याची स्प्रेडशीटमधली सोय) प्रत्येक शब्दाची संख्या काढा. वरचे तीसेक शब्द ‘आहे’, ‘आणि’, ‘तो’, ‘नाही’ असेच असतील, ते सोडा. त्यापुढच्या दीडशे शब्दांत शिकार आहे. ‘शांततेत’ आणि ‘शांततेने’ वेगळ्या ओळींत विखुरतात, म्हणून यादी एकदा आकड्यांनी लावा आणि एकदा अकारविल्हे. अकारविल्हे लावली की एका मुळाची रूपं शेजारी येतात आणि बेरीज करता येते. कादंबरी असेल तर प्रत्येक प्रकरणाची यादी वेगळी करा. एखादा शब्द दोनच प्रकरणांत उसळलेला दिसतो, तेव्हा ती प्रकरणं पाठोपाठ लिहिलेली असण्याची शक्यता मोठी.

कशाला हात लावू नये

‘म्हणाला’ला. वाचक तो शब्द वाचत नाही, ओलांडतो. त्याच्या जागी ‘उद्गारला’, ‘वदला’, ‘उत्तरला’ आले की तो अडखळतो. करारनाम्यातल्या किंवा तांत्रिक मजकुरातल्या संज्ञेला हात लावू नका. एका कलमात ‘भाडेकरू’ आणि पुढच्यात ‘वापरकर्ता’ लिहिलं तर दोन वेगळ्या व्यक्ती समजल्या जाऊ शकतात. पात्राच्या तोंडातली लकब, कवितेतलं पालुपद, ठरवून केलेली द्विरुक्तीही राहू द्या. आणि हॅमिल्टनच्या ‘अपॉन’सारखा एखादा छोटा शब्द तुमची ओळख असेल, कुणाला खटकत नसेल, तर तो पुसायचं कारण नाही.

कुठे थांबावं

एखादं वाक्य तिसऱ्यांदा बदलून पहिल्या रूपावर परत आलात की त्या दिवशी थांबा. शब्द काढायला गेलं की परिच्छेद कोसळतो असं वारंवार होत असेल, जुने लाडके जाऊन नव्यांची यादी तितकीच लांब झाली असेल, किंवा अनुवादातलं प्रत्येक दुसरं वाक्य परकं वाटत असेल, तर काम तुमच्या हातचं राहिलेलं नाही. पुस्तक छापायला जाणार असेल तर वरचं सगळं करूनही संपादकाकडे जावं. मुद्रितशोधकाकडून ही अपेक्षा ठेवू नका. तो शुद्धलेखन आणि विरामचिन्हं बघतो, पुनरावृत्ती सहसा त्याच्या कामात येत नाही. भाषासंपादन करणारा माणूस हवा.

एक अपवाद गंभीर आहे. लिहिताना आणि बोलतानाही रोजचे शब्द एकाएकी सापडेनासे झाले, जीभ अडखळायला लागली, तोंड वाकडं झालं किंवा एका हातातलं बळ गेलं, तर ही लेखनाची अडचण नव्हे. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

संपादकाला नमुना देताना मधली दहा पानं द्या, पहिली नको. पहिली पानं सर्वांत जास्त घासूनपुसून झालेली असतात आणि त्यांवरून कामाचा अंदाज चुकतो. सोबत दोन याद्या द्या: काढलेले शब्द, आणि मुद्दाम ठेवलेले शब्द. दुसरी यादी नसेल तर तो तुमचं पालुपदही काढून टाकेल. फाइलमध्ये बदलांची नोंद ठेवण्याची सोय सुरू करून पाठवा, म्हणजे कोणता शब्द कुठून गेला ते ओळीनुसार बघता येईल आणि नको तो बदल परत फिरवता येईल.